तळमजल्याची लिफ्ट

"लोकशाही हा मानवजातीने लावलेला सर्वांत मोठा शोध आहे," असं म्हणून मी आमच्या 'स्नेहदीप' सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला सुरुवात केली. समोर पाच माणसं होती. त्यांतले दोघे भाडेकरू असल्यामुळे त्यांना मत नव्हतं, आणि एकजण घराची किल्ली विसरल्यामुळे बायको येईपर्यंत पार्किंगमध्ये टेकला होता.

गणसंख्या भरत नाही म्हणून मी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब केली. नियमच तसा आहे. अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते आणि मग तिला गणसंख्या लागत नाही. तो अर्धा तास आम्ही त्याच खुर्च्यांवर, तहकूब अवस्थेत, वेफर्स खात बसलो.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकला इंदिरानगरात आमची इमारत. वर चार मजले, चौदा बिऱ्हाडं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मला सहा महिने झाले होते, आणि सेक्रेटरी होऊन पाच. निवड बिनविरोध झाली होती. त्या दिवशी बाकीचे हजरच नव्हते.

तहकुबी संपल्यावर मी पहिली आनंदाची बातमी दिली. लिफ्टच्या देखभालीचा करार मी बदलला होता. जुन्या करारात सुटे भाग, बॅटरी, तपासणी सगळं धरलेलं होतं. नव्यात फक्त तेलपाणी. वर्षाला अकरा हजार वाचले. खजिनदार भामरे यांनी टाळ्या वाजवल्या. भामरे दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि पैसे वाचले की त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा व्हायचा.

लिफ्टमधल्या धोक्याच्या घंटेची बॅटरी गेली आहे, हे मी सभेला सांगितलं नाही. मेकॅनिक मला आठ दिवस आधी म्हणाला होता, "साहेब, साडेसहाशे लागतील." मी म्हणालो, "वर्षाअखेरीस बघू." अकरा हजार हा आकडा बोलायला बरा वाटतो. दहा हजार तीनशे पन्नासला कोण टाळ्या वाजवणार?

दुसरा विषय होता तळमजल्याचा. तळमजल्यावर दोन फ्लॅट. एकाचा मालक मस्कतला, कुलूप लावून. दुसऱ्यात द्वारकाताई गायधनी. वय बाहत्तर, एकट्या. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, जिथं नोटा छापतात तिथं, त्यांनी तीस वर्षं छापील कागद तपासले होते. त्यामुळे पैशाने त्या दिपून जात नसत, आणि चूक मात्र त्यांना लांबून दिसत असे. पहिल्या सेक्रेटरीच्या काळापासून तळमजल्याला लिफ्टचा खर्च माफ होता. मी नियम शोधून काढला की वापरा अगर न वापरा, लिफ्टचा खर्च सगळ्यांनी सारखा द्यायचा.

द्वारकाताई घरून आणलेल्या खुर्चीवर बसल्या होत्या. दोन्ही गुडघे गेलेले. त्यांनी माझं वाचन शांतपणे ऐकून घेतलं.

"नऊ वर्षांत मी एकदाच लिफ्टमध्ये पाय ठेवलाय, चांदवडकर," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधीच्या सेक्रेटरीने विचारलं, ताई, तुम्हाला कुठल्या मजल्यावर जायचंय? मला काही सांगता येईना. उतरले."

"प्रश्न वापराचा नाही, समानतेचा आहे," मी म्हणालो.

"महिन्याला किती?"

"एकशे पंचाऐंशी."

"आणि भरले की बसता येईल?"

"अर्थात."

"कितीही वेळा?"

"दिवसाला शंभर वेळा बसा," मी म्हणालो. भामरे हसले. किल्ली विसरलेला माणूसही हसला.

"लिहून घ्या तसं," द्वारकाताई म्हणाल्या.

मी इतिवृत्तात लिहून घेतलं. पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर माणसं काय बोलतात ते लिहून घेतलं होतं. त्यातलं काही कधी प्रत्यक्षात आलेलं मी पाहिलं नव्हतं.

हे आलं. एक तारखेला द्वारकाताईंनी एकशे पंचाऐंशी रुपये भरले, पावती चष्मा लावून वाचली, आणि दोन तारखेला सकाळी दहा वाजता त्या लिफ्टने गच्चीवर गेल्या. नऊ वर्षांत त्यांनी आमची गच्ची पाहिली नव्हती. कोजागिरीचं दूध आम्ही तिथं आटवायचो, आणि मग कुणीतरी त्यांना वाटीभर खाली नेऊन द्यायचं. दुसऱ्या दिवशी त्या ज्वारीचे पापड घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशी पापड वाळले की नाही ते बघायला गेल्या. मग चौथा मजला, मग तिसरा. त्यांनी घरं लावूनच घेतली. सोमवारी चौथ्या मजल्यावरचे शिक्षक नवरा-बायको, मंगळवारी तिसऱ्यावर आमच्याकडे, बुधवारी भामरे.

जाळीच्या दाराची जुनी लिफ्ट ती. सरकवताना असा आवाज करायची की कोण आलं ते घरात कळायचं. मंगळवारी अकराला तो आवाज झाला की माझी बायको शैला गॅसवर चहा ठेवायची.

"अहो, त्यांना सगळं माहीत आहे," शैला मला म्हणाली. "आपल्या सुनेला कितवा लागलाय तेसुद्धा."

"खाली बसून कळतं कसं त्यांना?"

"खाली बसूनच कळतं. विचारायला मात्र कुणी नव्हतं."

मला त्याचं काही नव्हतं. पण सामायिक वीजबिल एका महिन्यात चारशे वीस रुपयांनी वाढलं. भामरेंनी ते बिल माझ्यापुढे धरलं.

"चांदवडकर, ही बाई वसूल करतेय," ते म्हणाले.

"भरलेत त्यांनी."

"भरलेत हो. पण म्हणून काय? माझ्या घरी दर बुधवारी येऊन माझ्या बायकोला सांगते, यांना मिठाचं कमी घाला. मी काय मीठ सोसायटीच्या खर्चाने खातो?"

आता मला सूचना लिहायची हौस होती. काचेच्या फलकावर माझ्या हस्ताक्षरातली सूचना लागली की माणसं थांबून वाचायची, हसायची. मला तेवढं पुरे होतं. मी त्याच संध्याकाळी लिहिली: 'लिफ्ट प्रवासासाठी आहे, सहलीसाठी नाही. सहलीसाठी पांडवलेणी जवळ पडतील. आदेशावरून, सेक्रेटरी.' नाव कुणाचंच नव्हतं. ते सगळ्यांनी मनातल्या मनात घातलं. भामरे हसता हसता ठसकले.

द्वारकाताईंनी ती सूचना चष्मा लावून वाचली. मी जिन्यात होतो.

"अक्षर छान आहे हो तुमचं," त्या म्हणाल्या, आणि लिफ्टचं दार सरकवून वर गेल्या.

तो भारनियमनाचा काळ होता. दिवसातून दोन तास वीज जायची, आणि कधी जायची याचं वेळापत्रक वीज कार्यालयाकडून सोसायटीला यायचं. आमच्याकडे सकाळी सात ते नऊ जायची. त्या सोमवारी नवं वेळापत्रक आलं: दुसऱ्या दिवसापासून दुपारी दीड ते साडेतीन. मी ते लावायला फलकाशी गेलो. फलकाला चार टाचण्या होत्या आणि चारही माझ्या सूचनेला लागलेल्या. सूचना लागून तीनच दिवस झाले होते, आणि अजून चौथा मजला पूर्ण हसला नव्हता. मी वेळापत्रकाची घडी करून खिशात ठेवली. उद्या चार टाचण्या आणू, असं ठरवलं.

मंगळवारी शैला सिन्नरला बहिणीकडे गेली होती. मी माझ्या हाताने पिठलं-भात केला, तो जरा जास्त झाला, आणि वाया जाऊ नये म्हणून मी सगळा खाल्ला. एक वाजून पंचवीस मिनिटांनी मी पलंगावर आडवा झालो. दीडला पंखा थांबला.

तेवढ्यात धपधप आवाज आला. पत्र्यावर कुणीतरी तळहात मारावा तसा. मी उठलो, दार उघडलं, बाहेर पायपुसण्यावर उभा राहिलो.

"कोण आहे का?" आवाज लिफ्टच्या शाफ्टमधून येत होता. "चांदवडकर?"

द्वारकाताई होत्या. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये.

लिफ्ट हाताने खाली घ्यायची असेल तर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन मुख्य बटण बंद करून चाक फिरवावं लागतं. पाच मिनिटांचं काम. किल्ली माझ्याकडेच असायची, दाराच्या आत खिळ्याला. मी हात पुढे केला असता तरी लागली असती.

त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते मी शब्दशः देतो, कारण ते मला अजून पाठ आहे. मनात आलं: दहा मिनिटं बसू दे. सहल काय असते ते कळेल.

मी दार लावलं. आवाज न करता लावलं. पलंगावर बसलो. दहा मिनिटांनी जायचं म्हणून घड्याळाकडे तोंड करून आडवा झालो. पिठलं होतं, भात होता, पंखा नव्हता तरी वारा होता. जाग आली तेव्हा तीनला पाच कमी होती.

मी जिना कसा चढलो ते मला आठवत नाही. चाक फिरवताना पहिल्यांदा उलट्या बाजूला फिरवलं, तेही गेलं वाया. लिफ्ट दुसऱ्या मजल्याला लागली आणि मी खाली पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तोवर भामरेही उठून आले होते. बाकीची इमारत दुपारी कामावर किंवा झोपेत असायची, आणि भामऱ्यांना ऐकू यावं म्हणून पलंगाशी तोफ लावावी लागली असती.

द्वारकाताई उभ्या होत्या. एक हात जाळीत अडकवून, कोपऱ्याला पाठ लावून. खाली बसल्या असत्या तर त्यांना परत उठता आलं नसतं, म्हणून त्या एक तास चाळीस मिनिटं उभ्याच राहिल्या होत्या. पातळ घामाने चिकटलं होतं. ओठ पांढरे पडले होते. घंटेचं लाल बटण दाबून दाबून त्यांच्या अंगठ्याला वळ उठला होता.

"पाणी," भामरे ओरडले आणि स्वतःच आणायला पळाले.

"वीज कशी हो गेली अचानक?" त्या मला म्हणाल्या. "सात ते नऊ जाते ना?"

"वेळ बदलली," मी म्हणालो.

"असं का. मला कुठे दिसलं नाही."

त्यांच्या पायाशी स्टीलचा डबा होता. तो त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवला, वाकता येईना म्हणून.

"शैला नाहीये ना आज. थालीपीठ केलं होतं तुमच्यासाठी. गार झालं आता."

ते थालीपीठ मी संध्याकाळी खाल्लं. चांगलं झालं होतं. माझ्या आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, काही सरकारी खर्चाने केल्या, पण त्या थालीपिठाइतकं मला काही बाधलं नाही.

पुढचं फार वेगाने झालं. भामरेंनी सगळ्या इमारतीत सांगितलं की चांदवडकर झोपेतून उठून धावत गच्चीवर गेला आणि एकट्याने लिफ्ट ओढली. झोपेतून उठून हे खरं होतं. पुढच्या रविवारी खास सभा भरली. बावीस माणसं आली, इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदा गणसंख्या भरली. मला शाल आणि नारळ दिला. मी नको म्हणालो. त्यावर टाळ्या वाढल्या.

द्वारकाताई आल्या नव्हत्या. त्यांनी पाकीट पाठवलं होतं. भामरेंनी ते सभेत वाचलं:

'सेक्रेटरी यांस. माझ्या वारंवार वापरामुळे लिफ्टच्या मोटरीवर ताण आला असणार. फलकावर आगाऊ सूचना दिलेली होती, ती मी मानली नाही. दुरुस्तीसाठी दोन हजार रुपये सोबत आहेत. पावती द्यावी. द्वारका गायधनी.'

"बघा, बाई सरळ आहे," भामरे म्हणाले.

"मोटरीला काही झालेलं नाही," मी म्हणालो.

"मग घंटेची बॅटरी घालू त्यातून. बंद होती म्हणे. कधीपासून होती कोण जाणे."

माझ्या खांद्यावर शाल होती. ऑक्टोबरचे दिवस, दुपारचं ऊन, मला घाम आला. माझा तोंड उघडायचा विचार होता. मी उघडलंही. "सर्वानुमते," मी म्हणालो.

साडेसहाशेची बॅटरी द्वारकाताईंच्या पैशांतून आली. घंटा अशी वाजायची की रस्त्यावरची कुत्री उठायची. ती वाजवायला मात्र कुणी अडकलं नाही.

आणि द्वारकाताई वर यायच्या थांबल्या. पहिला मंगळवार गेला. शैलाने अकराला चहा ठेवला, आटला, तिने तो ओतून दिला. दुसरा मंगळवार गेला. भामऱ्यांची बायको म्हणाली, "बुधवारी चुकल्यासारखं वाटतं हो." भामरेंनी त्या दिवशी वाढलेलं मीठ परत ठेवलं असं ऐकलं. वीजबिल चारशे वीस रुपयांनी उतरलं. भामरेंनी ते मला दाखवलं नाही, नुसतं फाईलला लावलं.

"भीती बसली त्यांना," शैला म्हणाली. "मी जाऊन आले काल. बोलतात, हसतात. वर चला म्हटलं की म्हणतात, बघू. अहो, तुम्ही एकदा जा. तुम्ही सोडवलंत त्यांना. तुमचं ऐकतील."

दोन हजारांची पावती माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. एकवीस दिवस होती. सदरा धुवायला गेला की ती मी दुसऱ्या सदऱ्यात घालायचो. ती द्यायची म्हणजे पैसे घेतले असं होणार, आणि न द्यायची तर पैसे घेतलेच होते.

बाविसाव्या दिवशी सकाळी मी खाली गेलो. जिन्याने गेलो. दार उघडंच होतं. द्वारकाताई खिडकीशी बसून मेथी निवडत होत्या.

"या. पावती आणलीत?"

मी दिली. त्यांनी चष्मा लावला, आकडा पाहिला, अक्षरी रक्कम पाहिली, उजेडाकडे धरून शिक्का पाहिला. सवय. मग घडी करून मेथीच्या जुडीखाली ठेवली.

"द्वारकाताई, मला एक सांगायचंय," मी म्हणालो. वाक्य मी घरून तयार करून आणलं होतं. मोठं होतं, त्यात 'अक्षम्य' हा शब्द होता. तो जिन्यातच कुठेतरी पडला असावा. "त्या दिवशी मी तुमची हाक ऐकली होती. दीडलाच. बाहेर आलो होतो. आणि दार लावून आत गेलो."

त्या मेथी निवडत राहिल्या.

"दहा मिनिटांनी येणार होतो. झोप लागली. बॅटरी बंद होती तेही मला माहीत होतं. आणि वेळापत्रक माझ्या खिशात होतं." एकदा सुरू झाल्यावर मला थांबताच येईना. "मोटरीला काहीही झालेलं नाही. तुमचे पैसे मी परत करतो. सभेत उभं राहून सांगतो सगळं. राजीनामा लिहून आणलाय."

तो खरंच आणला होता. मी तो पुढे केला. त्यांनी हात पुसले, घेतला, वाचला.

"अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या आणि परत दिला. "चांदवडकर, तुमचे पाय दिसले होते मला."

"काय?"

"लिफ्ट अडकली ती अशी, की तुमच्या मजल्याची फरशी माझ्या डोळ्यांसमोर आली होती. वीतभर फट होती. दार उघडलं, तुम्ही पायपुसण्यावर उभे राहिलात. उजव्या अंगठ्याला चिकटपट्टी होती. मी हाक मारली तेव्हा तुमची बोटं अशी आत वळली." त्यांनी आपल्या हाताची बोटं वळवून दाखवली. "मग पाय वळले आणि आत गेले."

मला खाली बघवेना, कारण खाली माझेच पाय होते.

"मग तुम्ही कुणाला सांगितलं कसं नाही?"

"कुणाला सांगू? तुम्ही शाल पांघरून बसला होतात म्हणे."

"आणि ते दोन हजार?"

"ते माझे. मी खरंच फार बसले त्या लिफ्टमध्ये. कधीकधी कुणी घरी नाही माहीत असूनसुद्धा वर जाऊन यायचे. तो हिशेब माझा झाला. तुमचा तुम्ही बघा, त्याची पावती मी कशी देऊ?"

बाहेर पाण्याचा टँकर लागला होता, त्याची नळी कुणीतरी ओढत होतं.

"पण मग वर यायचं का सोडलंत?" मी विचारलं. "शैला म्हणते भीती बसली."

"भीती कसली? उभी राहिले की तेवढा वेळ." त्यांनी मेथीचं एक पिवळं पान बाजूला काढलं. "वर जायचं तर तिसरा मजला लागतो, आणि दुसऱ्यावर थांबलं तरी तुम्ही जिन्यात भेटणार. जाळीचं दार आहे, आरपार दिसतं. तुम्ही समोर आला असतात तर तुम्हाला अवघड झालं असतं. म्हटलं, जरा जाऊ देत दिवस."

मला रडू फुटलं. मी सत्तावन्न वर्षांचा असताना आई गेली तेव्हासुद्धा मी असा कुणासमोर रडलो नव्हतो. द्वारकाताईंनी मला रडू दिलं. मध्ये एकदा मेथीची परात माझ्या गुडघ्यापासून थोडी लांब सरकवली, तेवढंच.

डोळे पुसून मी उठलो. म्हणालो, "ताई, तुम्ही सांगाल ते मी करीन. काहीही सांगा."

त्यांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या.

"लिफ्टमध्ये एक स्टूल ठेवा," त्या म्हणाल्या. "फार उंच नको. आणि त्याचा खर्च सगळ्यांकडून सारखा घ्या."